मागणी क्रमांक सहा : पाणी गाडीजवळ ठेवा

रात्री जंगलात काम करताना मजुरानं जीव कसा सांभाळावा, यावर मी दोन पानी पत्रक लिहिलं तेव्हा जंगलात माझ्या उण्यापुऱ्या दोन रात्री गेल्या होत्या. त्यातली एक जीपमध्ये. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी वनखात्याला शिव्या देणार आहे आणि त्या ऐकताना मला कुणी साधू समजू नये.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी चोवीस वर्षांचा, सिडकोत राहणारा, अंबडच्या कंपन्यांच्या गेटवर पत्रकं वाटून तयार झालेला. निषेध, धिक्कार, ताबडतोब, अन्यथा. एवढ्या चार शब्दांवर माझं बरं चाललं होतं. संघटनेनं मला पेठच्या बाजूला वनमजुरांकडे पाठवलं. 'आहे'ला 'आहा' म्हणणारी माणसं. माझ्याशी मात्र ती जपून, नाशिकच्या बाजारातलं मराठी बोलायची.

त्यांचं काम होतं जाळरेषेचं, त्यांच्या भाषेत लाईनीचं. डोंगरउतारावर दहा-बारा पावलं रुंदीचा पट्टा धरायचा, त्यातलं गवत हिवाळ्यात कापून तिथंच वाळवायचं आणि फेब्रुवारीत जाळून टाकायचं. मग उन्हाळ्यात वणवा आला तर त्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन थांबतो. दिवसा वारा असतो, ऊन असतं, आग हाताबाहेर जाते. म्हणून दिवस मावळल्यावरच पेटवायचं. दंव पडलं की आग मऊ होते, असं ते म्हणायचे. सहा-साडेसहाला सुरू केलं की दहा वाजता घरी. कागदावर मात्र हेच काम सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. कागदावरच्या जंगलात रात्र होतच नव्हती. आणि जी रात्र नाहीच, तिच्यासाठी बॅटऱ्या कशा द्यायच्या? बूट कसे द्यायचे? अनवाणी नाहीतर रबरी चपला घालून, हातात हिरव्या डहाळ्या घेऊन ही माणसं सरकारचं जंगल वाचवत होती, आणि सरकारच्या लेखी त्या वेळी ती आपापल्या घरी जेवत होती.

टोळीत पंधराएक माणसं, निम्म्या बायका. मुकादम एक पन्नाशीची बाई. तिला सगळे मावशी म्हणायचे. तिची धाकटी सूनही टोळीत होती. लग्नाला दोनच वर्षं झालेली, चटपटीत, कामाला सगळ्यांच्या पुढे.

मी पहिल्यांदा गेलो त्या संध्याकाळी मावशीनं रेषा पेटवायच्या आधी एक वेगळंच काम काढलं. उताराच्या मधोमध खळ्याएवढी गोल जागा तिनं आधी जाळून घेतली; तिला ते खळंच म्हणायचे. भोवती डहाळ्या घेऊन माणसं उभी, आग बाहेर जाऊ देत नव्हती. सगळं काळं झालं, विझलं, तसं सगळ्यांनी आपापली भाकरीची फडकी आणि पाण्याचे हंडे त्या राखेत नेऊन ठेवले आणि मग तिथंच बसून अर्धी अर्धी भाकर खाल्ली. अर्धी नंतरसाठी ठेवली.

"या भाऊ, बसा. जेवता का?"

"इथं? राखेत?"

"राख काय चावती का?"

"शहरातले हायेत ते," मागून एक म्हातारा म्हणाला. "टेबल आना रे त्यांना."

सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात पत्रक सुरू झालं होतं. गोठ्यातलं जनावरसुद्धा राखेत बसून खात नाही, हे वाक्य मला तिथंच सुचलं आणि ते फारच आवडलं.

मी मावशीला विचारलं, "जेवण इथं कशाला आणता? रस्त्यावर ठेवा ना, मोकळ्यावर."

तिनं सांगितलं. चक्क सांगितलं, म्हणून तर मला तोंड नाही. ती म्हणाली, "भाऊ, वारा फिरला ना, का धूर होतो. धुरात डोळ्यांना दिसत नाय, डोकं बी चालत नाय. निस्ते पाय चालतात. आन पायांना भाकर कुठं ठेवली ते म्हाईत असतं. तहान लागती, पानी कुठं हाय ते म्हाईत असतं. जळल्याली जागा पुन्हा जळत नाय. म्हणून पानी हितं."

मी मान डोलावली. माझ्या वहीत त्या दिवशीचं पान आहे. त्यावर 'राखेत जेवण, अमानुष' एवढंच लिहिलंय. खाली दोन रेघा.

पत्रक मी घरी बसून लिहिलं. बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते. सुरक्षा सप्ताहात त्यांना एक छान रंगीत घडीपत्रक मिळायचं. त्यात चित्रं होती : हेल्मेट घातलेला माणूस, शिट्टी, लाल पेटी, आणि धोका झाला की सगळ्यांनी फाटकाजवळ जमायचं असा बाण. मी त्यावरूनच मागण्या उतरवल्या, फाटकाच्या जागी 'वाहन' घातलं. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचलं.

"चांगलं आहे. पण आमच्या फाटकातून आम्ही रोज आत जातो आणि रोज बाहेर येतो. डोळे मिटून सांगेन कुठंय ते. तुझी गाडी रोज एकाच जागी उभी असते का रे?"

"बाबा, तो तपशील आहे."

"हं," असं म्हणून त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

सोळा मागण्या होत्या. सहावी अशी : जळत्या रेषेत, राखेत बसून मजुरांना जेवावे लागण्याची अमानुष पद्धत ताबडतोब बंद करा; पिण्याचे पाणी, जेवण व प्रथमोपचार पेटी रस्त्यावर वाहनाजवळ ठेवा. सातवी : धोक्याच्या इशाऱ्यासाठी शिट्टी द्या.

तीन दिवस आम्ही नाशिकला खात्याच्या ऑफिससमोर बसलो. चौथ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं, चहा पाजला आणि सोळापैकी चार मागण्या मान्य केल्या. कोणत्या चार, ते कुणीही ओळखावं. ज्यांना काही करावं लागत नव्हतं त्या. बूट, बॅटऱ्या, रात्रीच्या कामाची हजेरी, हे सगळं 'वर कळवलं आहे'. सहावी आणि सातवी मंजूर. त्यांचा लेखी आदेशसुद्धा निघाला. शिट्टी तर साहेबांनी मला स्वतःच्या हातानं दिली, खाकी दोरीची. मी ती गळ्यात घालून बाहेर आलो आणि आम्ही घोषणा दिल्या. आज ते आठवलं की मानेला खाज सुटते.

मी मावशीला बातमी द्यायला गेलो.

"बूट?"

"ते पुढच्या टप्प्यात."

"बॅटऱ्या?"

"त्यासुद्धा."

"मंग मिळालं काय?"

"पाणी मिळालं. ड्रम. गाडीजवळ."

"पानी तं होतंच की," मावशी म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. "बरं. लय कष्ट केले तुम्ही."

तिकडच्या माणसाचं 'बरं' मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटलं, पटलं.

पुढच्या फेब्रुवारीत पहिल्याच रेषेला मी हजर होतो. रस्त्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली, ट्रॉलीत निळा ड्रम, त्याच्या शेजारी ओळीनं भाकरीची फडकी, वर लाल पेटी. माझ्या पत्रकातलं चित्रच उतरलं होतं. मावशीनं सवयीनं खळं जाळायला घेतलं, तर वनरक्षक म्हणाला, "अहो मावशी, आता त्याची गरजच नाय. आदेश आहे. वेळ घालवू नका." हा वनरक्षक पोरसवदा होता, नुकताच कायम झालेला, आदेशाला घाबरणारा. मावशीनं तरी खळं जाळलं, पण लहानसं. आणि त्यात कुणी बसलं नाही. बसून करणार काय? भाकर रस्त्यावर होती. सगळे रस्त्यावर जेवले, ट्रॉलीला टेकून. मी फोटो काढला.

मग रेषा पेटवली. वरून खाली, नेहमीप्रमाणे. मी रस्त्यावर ड्रमजवळ, गळ्यात शिट्टी. रस्ता आणि रेषा यांच्यामध्ये तीस-चाळीस पावलांचं न कापलेलं गवत होतं, कमरेएवढं. संध्याकाळपासून तेच तुडवत माणसं पाण्याला येत-जात होती. मला त्यात काहीच दिसलं नाही. मी शिट्टी द्या म्हणून भांडणारा, मधलं गवत कापा म्हणून भांडावं हे मला सुचलं नाही. एकलहऱ्याच्या घडीपत्रकात गवत नव्हतं.

साधारण आठच्या सुमारास दरीकडून वारा फिरला. आधी ठिणग्या उलट्या उडाल्या, मग रेषेवरचा धूर आडवा झाला आणि माणसं दिसेनाशी झाली. नुसता खोकला ऐकू यायला लागला. धुरातून मावशीचा आवाज आला, "खळ्यात या रे! खळ्यात! कुनी हलू नका, खळ्यात!"

आणि मी शिट्टी वाजवली.

त्यासाठीच तर होती ती. छाती फुटेस्तोवर वाजवली. "इकडे या! पाणी इकडे आहे! रस्त्यावर या!" असं ओरडत होतो आणि पुन्हा वाजवत होतो. मावशीचा आवाज खाली गेला. शिट्टीपुढे माणसाचा आवाज टिकतो कुठं.

जुनी माणसं खळ्यात गेली. वीस वर्षं त्यांचे पाय तिकडेच गेले होते. धाकट्या सुनेच्या पायांना ती सवय व्हायची होती. ती शिट्टीच्या दिशेनं, पाण्याच्या दिशेनं, माझ्या दिशेनं निघाली. मधल्या गवतात आगीनं तिला गाठलं. मावशी तिच्यामागे आगीत शिरली आणि ओढून तिनं तिला रस्त्यावर आणलं, माझ्या पायाशी. सुनेच्या रबरी चपला तळव्यांना चिकटल्या होत्या. ती रडत नव्हती. पाणी मागत होती. पाणी जवळच होतं, ड्रमभर.

ट्रॉलीतूनच तिला आरोग्य केंद्रात नेलं. नर्सनं केसपेपर भरायला घेतला. "कशानं भाजलं?"

माझ्या आधी वनरक्षक बोलला. "चुलीवर."

नर्सनं दोन्ही तळव्यांकडे पाहिलं. "चुलीवर चढली होती का?"

वनरक्षकानं माझं मनगट धरलं होतं. "भाऊ, रात्री लाईन पेटवली असं लिहिलं तर पहिली माझी नोकरी जाते," तो कानाशी म्हणाला. मी गप्प राहिलो. मनात म्हटलं, आधी इंजेक्शन होऊ दे, कागद उद्या दुरुस्त करू. ज्यानं आयुष्यभर 'ताबडतोब' लिहिलं, तो त्या रात्री 'उद्या' म्हणाला. केसपेपरवर 'चूल' लागली. ती अजून तिथंच आहे.

नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात ती दीड महिना होती. मी लढायला बसलो. पहिला जबाब लिहिला आणि त्यात सगळं घातलं : रात्रीचं काम, वारा, मावशीची हाक, शिट्टी. संघटनेतल्या आमच्या ज्येष्ठांनी तो वाचला आणि शिट्टीच्या ओळीवर पेन आडवा ठेवला.

"हे कशाला?"

"झालं ना तसं."

"झालं असेल. पण शिट्टी आपली मागणी होती. ड्रम आपला. ते हेच धरून बसतील. एका ओळीसाठी चळवळीचं नुकसान करणार का?"

मला पटायला एक मिनिट लागलं असेल. जास्त नाही. मी ती ओळ गाळली. राहिलं ते असं : अचानक वारा फिरल्याने इतर मजूर सुरक्षित जागी गेले व सदर महिला रस्त्याच्या दिशेने धावली.

साहेबांनी जबाब शांतपणे वाचला. "बसा. चहा?" मग म्हणाले, "रात्रीचं काम आमच्याकडे नसतं, ते एक असू द्या. पण तुमचाच जबाब बघा ना. सगळे सुरक्षित जागी गेले. ही एकटीच का धावली? कुणी बोलावलं होतं का तिला?"

मी म्हणालो, "नाही."

हा शब्द मी उच्चारला. साहेबांनी जबरदस्ती केली नव्हती.

त्या 'नाही'चं काय झालं ते मला तिच्या घरी गेल्यावर कळलं. ती ओट्यावर बसली होती, पाय पुढे, पट्ट्यांमध्ये. नवरा मला बघून उठला आणि बोलायला लागला. "येडीच हाय भाऊ. तुम्हीच सायबाला सांगितलं ना, कुनी बोलावलं नव्हतं हिला. माझी म्हातारी वरडत व्हती, तरी उलटी पळाली. तिच्यापायी म्हातारीचा हात जळाला. आता टोळीवाले म्हनतात, पाय बरे झाले तरी हिला आनू नको. धुरात जो उलटा पळतो, त्याच्यामागं दोघं मरतात."

टोळीचं चुकलं नव्हतं. तो त्यांचा नियमच होता आणि तो बरोबर होता. धुरात पाय कुठं जातील याचा भरवसा नसलेलं माणूस रेषेवर चालत नाही. खातं तिला मजूर मानायला तयार नव्हतं, ते ठीक, ते कुणालाच मानत नाही. पण आता तिची माणसंही तिला मजूर मानत नव्हती. आणि ते कशामुळे, तर माझ्या एका ओळीमुळे, जी मी गाळली होती.

नवरा पाणी आणायला आत गेला तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "भाऊ, शिट्टी तुम्हीच वाजवली ना?"

"हो."

"'इकडं या' म्हनले ना?"

"हो."

"मंग मी उलटी नाय पळाली. जिकडं बोलावलं तिकडं आली. पैशाचं मी काय म्हनत नाय. तेवढं तसं लिहा. मी येडी नाय, एवढं कागदावर येऊ द्या. आन हितं येऊन वाचून दाखवा, सगळ्यांपुढं."

मी दुसरा जबाब लिहिला. शिट्टी, ड्रम, मागणी क्रमांक सहा, मावशीनं आधी सांगितलेलं सगळं, आरोग्य केंद्रातलं माझं गप्प राहणं, साहेबांपुढचं 'नाही'. खाली माझी सही. संघटनेनं तो 'वैयक्तिक' ठरवला आणि त्यानंतर माझ्याकडे पत्रकं लिहायला आली नाहीत. खात्याकडून दोन ओळींचं उत्तर आलं : दोन जबाबांत विसंगती असल्याने एकाचाही विचार करता येत नाही. मग मी सहाव्या मागणीचा आदेश मागे घ्या म्हणून अर्ज केला. त्याचंही उत्तर आलं. सदर आदेश आपल्याच मागणीनुसार काढण्यात आला असून तो मजुरांच्या हिताचा आहे. मला वाटतं, खात्यानं आमची म्हणून मनापासून पाळलेली ही एकमेव मागणी.

तेव्हापासून दर फेब्रुवारीत ट्रॉली येते, निळा ड्रम येतो. आदेश लागू आहे. बायका दोन भाकरी बांधून आणतात. एक वनरक्षकाला दिसावी म्हणून ट्रॉलीवर ठेवतात, दुसरी पदराआड खळ्यात नेतात. पाण्याचा हंडा सरपणाखाली लपवून नेतात. आपला जीव वाचवायचं सामान चोरून न्यावं लागतं, एवढी त्यांची सुरक्षा मी वाढवून ठेवली आहे.

दुसरा जबाब मी वाचून दाखवला तो पुढच्याच वर्षी, खळ्यात. मावशीनं या वेळी खळं मोठं जाळलं होतं. तिच्या हातावर कोपरापर्यंत चकचकीत कातडी आली होती. सुनेला नवऱ्यानं खांद्यावर हात देऊन उतारावर आणलं होतं. काम करायला नाही, ऐकायला. ती राखेत बसली, तशी मीही बसलो. वनरक्षक लांब उभा राहिला आणि आपण काही ऐकतच नाही असं दाखवत रस्त्याकडे बघत राहिला.

मी वाचत गेलो. 'मी तीन वेळा शिट्टी वाजवली' इथपर्यंत आलो.

"चार," ती म्हणाली.

"काय?"

"तीन नाय, चार. तिसरीला मी अजून लाईनीवरच होते. खळ्याकडं तोंड केलं होतं मी. चवथीला फिरले."

टेबल आणा म्हणणारा म्हातारा माझ्यासमोर बसला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कितीतरी वेळ माझ्याकडेच.

"खळ्याकडं तोंड केलं होतं," तो बाकीच्यांना म्हणाला.

मावशीनं फडकं सोडलं, अर्धी भाकर मोडून सुनेच्या हातात दिली. "आता चार लिहा भाऊ," ती मला म्हणाली. "मंग पुढचं वाचा. लाईन पेटवायची हाय."

मी खिशातून पेन काढला आणि तीनचे चार केले. तो कागद आता कुठल्याच ऑफिसात चालला नसता. माझ्या बोटाचा काळा ठसा त्यावर उमटला होता. मी पुढचं वाचलं.